व्यवसाय : खोदकाम

इर्मेलीबाईंच्या संगणकात व्यवसायांची यादी होती
आणि त्या यादीत माझा बाप नव्हता.

कारेझ म्हणजे काय, तिनं विचारलं.
मी अकरा वर्षांची. दुभाषी.
खऱ्या दुभाष्याला ताप होता
आणि पुढची तारीख सहा आठवड्यांनी.
मी म्हटलं, जमिनीखालची नदी.
माणसं करतात ती, हातानं,
डोंगराच्या पोटातून गावापर्यंत,
एका विहिरीतून दुसरीत रांगत.
तिनं खिडकीबाहेर पाहिलं.
कायानीत खिडकीबाहेर तळंच असतं,
तळ्यामागं तळं,
आणि नोव्हेंबरात सगळ्यांवर मिळून नखभर उजेड.
मग तिनं टंकलं :
खोदकाम. अनुभव आहे.

किती वर्षं?
सात पिढ्या, बाबा म्हणाले.
बावीस वर्षं, मी सांगितलं.
खोटं नव्हतं ते.
चौकोनात तेवढंच मावत होतं.

मंगळवारी नि गुरुवारी वर्ग,
वाचनालयाच्या तळघरात.
वुओक्कोबाई शिकवायच्या, निवृत्त, गुडघ्यानं अधू,
सगळ्यांच्या पेन्सिलींना आदल्या रात्री टोक काढून आणणाऱ्या.
त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं,
आमच्या भाषेत भविष्यकाळ नाही.
"उद्या" म्हणा आणि पुढे वर्तमानकाळ लावा,
चालतं.
वर्ग गप्प.
मग किवूच्या मामा इमाकुले म्हणाल्या,
म्हणजे बरोबर ठिकाणी आलो की आपण!
तेव्हा सगळे हसले.
बाबांना ते उशिरा कळलं.
रात्री जिन्यात, एकटेच हसले,
शेजारच्या म्हाताऱ्यानं दार किलकिलं करून पाहिलं.

फॉर्मवर प्रश्न होता :
पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
बाबांनी शब्दकोश उघडून, जीभ ओठाबाहेर काढून लिहिलं,
मी इथे आहे.
मुलगी शाळेत आहे.
मी काम करतो.
इर्मेलीबाई म्हणाल्या, सखीदाद, हे वर्णन झालं,
मला उद्दिष्ट हवंय.
बाबांनी व्याकरणाच्या पुस्तकावर बोट ठेवलं.
ती थोडा वेळ त्या बोटाकडेच पाहत राहिली,
नख नसलेल्या,
मग तिनं शिक्का मारला.

आधी शाळेच्या स्वयंपाकघरात थाळ्या, बिनपगारी, तीन महिने.
मग सुरक्षेचं कार्ड, तिसऱ्या खेपेला पास.
मग नगरपालिकेच्या नळखात्यात,
पिवळं जाकीट, हिवाळी बूट, पाठीवर अक्षरं
जी बाबांना स्वतःला कधीच वाचता येणार नव्हती,
पाठीवर होती म्हणून.

फेब्रुवारीत शाळेच्या रस्त्याखाली नळ फुटला.
उणे सत्तावीस.
आर्व्होनं यंत्र लावलं, कानाला भोंगे.
बाबा बर्फावर आडवे झाले,
फावड्याचा दांडा जमिनीला, दुसरं टोक कानाला,
आणि म्हणाले, पाणी इथं.
दोनच शब्द. व्याकरण चोख.

यंत्रानं सांगितलं तिथं खणलं.
पाणी तिथंच निघालं.
बाबांच्या जागेपासून चार हात लांब.

मला वाटलं होतं, गोष्ट वेगळी होईल.
मी वर्गातल्या मुलींना सांगून ठेवलं होतं,
माझे बाबा जमीन ऐकतात.

रात्री पाय गरम पाण्यात सोडून ते म्हणाले,
गोठलेली माती निराळं बोलते गं.
उच्चार ओळखीचा वाटतो, म्हणून फसलो.
हिचीही भाषा शिकायला हवी.
आणि दुसऱ्या दिवशी तासभर लवकर निघाले,
आर्व्होला विचारून आले होते,
कामाआधी नुसतं ऐकलं तर चालेल का.

जाघोरी सोडताना आजोबा विहिरीच्या तोंडाशी उभे होते.
बाबा त्यांना "येतो" म्हणाले होते.
तोही वर्तमानकाळच.
त्या शब्दाचं पुढं काय झालं ते आम्ही घरात बोलत नाही.

आता रोज पहाटे साडेचारला
बूट हातात धरून, मला जाग येऊ नये म्हणून हळू,
दोन्ही भाषांत एकेकदा,
येतो, म्हणतात.

आणि येतात.