एकास सत्त्याऐंशी

नागदेवी स्ट्रीटला पितळेचा पत्रा किलोवर मिळतो.
मला हवा होता पोस्टकार्डाएवढा.
गल्ल्यावरच्या छेडाशेठनं विचारलं, घंटी बनवताय?
इंजिन, म्हटलं.
त्यानं न तोलताच दिला.

त्याला झाले अकरा महिने.
अँटॉप हिलच्या क्वार्टरमध्ये
मिक्सर आणि देवघर यांच्या मधल्या अडीच फुटांत
मी घाटातला खेकडा बांधतोय,
दोन्हीकडे सारखंच लांब नाक असलेलं
मालगाडीचं जुनं विजेचं इंजिन.
अख्खं माझ्या एका वितीत मावतं.

मोटार भंगारातल्या सीडी प्लेअरची,
दातेरी चाकं प्रिंटरची,
छपरावरच्या चिनीमातीच्या जागी भुलेश्वरचे पांढरे मणी:
लागतात चौदा, घ्यावे लागतात पावशेर.
उरलेले पोळ्यांच्या डब्यातसुद्धा सापडले.
उल्का काही बोलली नाही. मणी ताटाच्या कडेला ठेवला,
वरणातल्या खड्यासारखा.

रिव्हेट मात्र मी मोजले.
फोटोत दिसतात एका बाजूला एकशे बारा,
सावलीतले अंदाजानं.
ग्रामोफोनच्या सुईनं पत्र्याच्या पाठीवर
एकेक टिंब दाबायचं, श्वास धरून.
शिंक आली की पत्रा बाद.
असे तीन बाद झाले.

ड्रायव्हर एकोणीस मिलिमीटर.
असिस्टंट जरा वाकलेला, त्याच्या मागे खुंटीला डबा.
छप्पर बसवल्यावर तो डबा कुणालाच दिसणार नाही,
हे मला माहीत होतं.
तरी त्याला कडी केली.

मग एका रविवारी सदू वायंगणकर आले.
कुर्ला शेडमध्ये एकतीस वर्षं फिटर,
आता गुडघे गेलेले, नजर नाही.
चष्मा कपाळावर सारून
इंजिन त्यांनी नाकाशी नेलं, हुंगलं,
जोडदांडा नखानं ढकलून पाहिला.
मी रंगाचं विचारलं:
चॉकलेटी की तांबूस? कुठल्या साली कुठला?
म्हणाले, रंग?
त्या दिवशी जो डबा उघडा असेल तो.

आणि मग:
सगळा बरोबर हा. पण पोचा खंय?

कसला पोचा?

नाकावर. बफरच्या वर, डाव्या अंगाक.
रिव्हर्स घेताना पिंट्यान घातलान खांबावर.
रिपोर्ट झालो नाय. कोणीच सांगूक नाय.
केवढा, म्हटलं.
त्यांनी हवेत वीत पसरली.

वीत.
माझं अख्खं इंजिन.
भागिले सत्त्याऐंशी.
अडीच मिलिमीटर.

अकरा महिने जो पत्रा मी
फुगू नये, वाकू नये म्हणून जपला,
त्याच्यावर त्या रात्री बोथट खिळा ठेवला.
हात उचलेना.
उल्का म्हणाली, झोपा आता.
मग एकदा ठक.
रंगाला बारीक तडा गेला,
तो मिटवला नाही.
खऱ्याला गेला असणार.

पावणेबाराला फोन.
वायंगणकर.
अरे, मी काय म्हणतंय,
तो पोचा मुंबयकडच्या तोंडाक नाय, घाटाकडच्या.
आता आठावला. झोप येयना.

मी दिवा लावला.
फळीवर वीतभर रूळ,
मुंबई खिडकीकडे, घाट फ्रिजकडे,
असं मीच कधीतरी ठरवलेलं.
इंजिन उचललं, फिरवलं, ठेवलं.
दोन्हीकडे सारखंच नाक. सोपं काम.

आता पोचा फ्रिजच्या पत्र्याकडे तोंड करून आहे.
येणारेजाणारे खिडकीकडून बघतात,
म्हणतात, काय फिनिशिंग आहे हो.
मी हो म्हणतो.
सदूभाऊ परत आले तर
फ्रिज सरकवावा लागेल.