डावी नळी

इलेक्शनला ठाण्यात जमा केलेली दुनळी
परत आली ती तोंड मिटून. खटका वळेना.

कंधारच्या मुनीरचाचांनी हातोडी नाही,
सरळशी तुराटी मागितली.
"आधी भरेल हाय का बघू."

मी हसलो. अण्णांना जाऊन अकरा वर्षं,
रिकामीच की.

उजव्या नळीत तुराटी तळाला टेकली.
डावीत
चार बोटं अलीकडंच थांबली.

चाचा बोलले नाहीत.
नळ्या निंबाच्या बुंध्याकडं वळवल्या,
बिजागरीत रॉकेल सोडलं.
"आता चहा. हिला घाई चालत न्हाई."

तिसऱ्या दिवशी उघडली.
काडतुसाचं पितळ हिरवं पडलेलं.

दर इलेक्शनच्या पावतीवर शिक्का : रिकामी.
आणि घरी, हिच्याच खुंटीखाली
पोरीचा पाळणा.