दृष्टीचा रकाना

मिरजेच्या मिशन दवाखान्यात, डोळ्यांच्या वॉर्डात
एकतीस वर्षं मी एकच रकाना भरत आले.
तक्त्यावरची अक्षरं वाचता आली तर आकडा लिहायचा.
नाही आली तर बोटं उभी करायची, विचारायचं: किती?
बोटंही मोजता आली नाहीत तर नुसता हात हलवायचा.
तेही कळलं नाही तर बॅटरी.
उजेड कळतो का?
कुठून येतो, ते कळतं का?
त्याच्याही खालच्या पायरीला एक शब्द आहे,
तो लिहिताना माझं पेन अजून अडतं.

सात नंबरच्या खाटेवर दस्तगीर हमाल.
सांगलीच्या पेठेत चाळीस वर्षं हळदीची पोती वाहिलेला,
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
माझ्या गळ्यातला क्रूस त्याला दिसायचा नाही,
वाकले की कपाळाला लागायचा.
"सिस्टर, तुमच्यात देव तीन म्हणं?"
"एकच. वर बघा," मी थेंब सोडत म्हणाले.
"मग बाप, ल्योक, आनि त्यो तिसरा?"
"पवित्र आत्मा. तरी एकच."
तो हसला, डोळ्यातलं औषध गालावर आलं.
"पोती आशी मोजली आसती
तर मुकादमानं हाकलून दिलं आसतं तुमास्नी."

माझे वडील, योनाथान मास्तर,
रविवारी आम्हा पोरांची प्रश्नोत्तरं घ्यायचे.
देव किती? एक.
व्यक्ती किती? तीन.
समजलं? नाही.
"बरं. पुढचा प्रश्न."
नवा पाळक आला की नवी उपमा आणायचा,
कुणी पाणी, बर्फ, वाफ,
कुणी धीर करून बेलाचं पान.
आप्पा मान हलवत ऐकायचे, आणि घरी आल्यावर
चपला काढता काढता म्हणायचे,
वाफ झाली की बर्फ उरतो का गं?
आणि पान काय, खुडता येतं.
मग काय सांगायचं लोकांना?
"सांगता येत नाही तिथं हाक मारायची,"
एवढं बोलून ते जेवायला बसायचे.
मला तेव्हा ते उत्तर चुकवल्यासारखं वाटायचं.
कधी कधी अजून वाटतं.

पट्टी काढायच्या सकाळी डॉक्टरांची गाडी
जंक्शनबाहेर सिग्नलला उभी होती.
मीच समोर गेले, तीन बोटं धरली.
"किती?"
दस्तगीर बघत राहिला, शिजत घातलेल्या भाताकडे बघावं तसा.
"हात हाय," म्हणाला.
"बोटं किती?"
"बोटं कळंनात. पन हात हाय. एक."

इथं थांबले असते तर प्रवचन झालं असतं.
आप्पांनी मागच्या बाकावरून विचारलं असतं,
आणि बोटं कुठं गेली?
बोटं होतीच. तीन. मी धरली होती.
त्याचं न दिसणं म्हणजे शहाणपण नव्हतं,
बुबुळावरची सूज होती.
मी एक पाऊल पुढे झाले, मग आणखी एक,
अगदी त्याच्या नाकापाशी गेले
तेव्हा त्यानं हात लांबवून माझी बोटंच धरली
आणि चाचपून मोजू लागला.
"असं नाही चालत, काका. हात लावायचा नाही."
"का न्हाय? मग मला कळायचं कसं?"

मी लिहिलं: बोटं मोजता येत नाहीत.
हात लावल्याचं लिहायला रकाना नव्हता.

रात्रपाळीला, सगळे निजल्यावर
एक कोरा कागद ओढून वर माझं नाव घातलं,
सुशांता योनाथान रणभिसे, वय सत्तावन्न.
दृष्टी:
बराच वेळ तसाच राहिला.
मग लिहिलं, उजेड कळतो.
कुठून येतो, नक्की नाही.
खाली आणखी काहीतरी लिहिणार होते,
कुणीतरी इतकं जवळ आलं होतं
की मला धरता यावं, असं काहीसं,
पण सात नंबरनं पाणी मागितलं.

पेला त्याच्या हातात दिला. त्यानं तो बरोबर धरला.
दुसऱ्या डोळ्याची तारीख मंगळवारची आहे.