प्राण्याचा प्रकार : इतर

फोन सव्वाअकराला आला :
मॅडम, बिबट्याची पिल्लं सापडलीत,
लवकर या, पब्लिक गोळा झालंय.

ओतूरच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला
अर्धा फड तुटलेला.
पाचटात उभं राहून माणसं मोबाइल उंच धरत होती,
लग्नात धरतात तसे.
मध्ये टोमॅटोचा निळा क्रेट,
त्यावर ओलं पोतं,
पोत्याखाली दोन मुठी.
मुठीच म्हणायच्या. त्यांना डोळे होते,
नुकते उघडलेले, धुकट,
कपाळावर पांढऱ्या रेघा
आणि पाठीवर जुन्या पत्र्याला चढतो तसला गंज, ठिपक्याठिपक्यांनी.
एकाने माझ्या हातमोज्यावर फिस्कारून बघितलं.
काडेपेटीची काडी ओढावी एवढा आवाज.

बिबट्या नाही, म्हटलं. वाघाटी.
वाघाटीची तर भाजी असते, मागून कोणी म्हणालं,
आषाढातल्या बारशीला, उपास सोडताना.
सगळे हसले. मीही.
नोकरीला लागेपर्यंत मलाही तेवढीच ठाऊक होती,
तेलात परतलेली, कडवट.
जगातलं सगळ्यात लहान रानमांजर, मी सांगितलं,
आणि गर्दी पातळ होऊ लागली.

किराणा दुकानातून काटा आणला.
एक एकशे साठ ग्रॅम, एक एकशे पंचेचाळीस.
दोघं मिळून पाव किलो साखरेहून थोडी जड.

कोयता झुंबरबाई सानप हिच्या हातातला,
मूळ राहणार तालुका पाटोदा.
"बुडाला कोयता लावनार
तं पाचट हालाया लागलं वो.
हात वरच ऱ्हायला."
तो हात ती अजून दुसऱ्या हाताने धरून होती.
बैलगाडीखाली, साडीच्या झोळीत तिची लेक झोपलेली.
मुकादम विचारत होता, टोळी थांबली
तर टनाचे पैसे कोण देणार.

पंचनाम्याचे रकाने असे :
वाघ. बिबट. तरस. कोल्हा. रानडुक्कर. इतर.
इतरवर खूण केली.
पुढे, नुकसान कोणाचे.
तिथे पेन बराच वेळ टेकून राहिलं, शाईचा ठिपका पडला.

रानाचे मालक कोंडिभाऊ ढोमसे बांधावर बसून बोलत होते,
माझ्याशी की स्वतःशी, कळेना.
इथं कुसळी होती गुडघ्याएवढी,
करवंदाच्या जाळ्या, बोरी, घायपात.
बाऊल यायचा कोंबड्यांना, आम्ही दगड मारायचो.
मग धरणाचं पाणी आलं
अन् माळ गोड झाला.

तिने काय पाहिलं असेल?
उंच गवत. ऊस गवतच तर आहे.
उंदीर भरपूर, सावली दाट, माणूस नाही.
आडसाली लागण म्हणजे अठरा महिने,
मांजरीच्या हिशोबात कायमचं घर.

संध्याकाळी क्रेट होता तिथेच ठेवला.
भोवतीच्या चार सऱ्या झुंबरबाईने उभ्या सोडल्या,
मुकादमाला न विचारता.
मी गाडीत, काचा वर, दिवे बंद,
शेजारी थंड झालेला वडापाव.
नऊ चाळीसला कॅमेऱ्यात दोन हिरवे थेंब,
मग अर्धीच मांजर, नुसतं पोट आणि कान.
एकाला मानेला धरून गेली.

दुसरं ओरडत राहिलं.
मग ओरडायचं थांबलं.
दार उघडून जावं की नाही
हे एक तास सत्तावीस मिनिटं मी ठरवत होते.
अकरा सातला ती आली,
क्रेट हुंगला, पोतं हुंगलं, माझ्या हातमोज्यांचा वास हुंगला,
आणि तरीही नेलं.

सकाळी माग काढला.
ओल्या मातीत रुपयाएवढी पावलं
बांध ओलांडून शेजारच्या फडात शिरलेली.
याची तोड कधी, मी विचारलं.
मुकादमाने खिशातली चिठ्ठी उलगडली : शुक्रवार.
झुंबरबाई कोयत्याला कानस लावत होती.
आमच्याच टोळीला हाय, म्हणाली,
बघून तोडीन.

शेरा लिहिला :
पिल्ले आईने सुखरूप नेली, प्रकरण बंद.
खाली सही, तारीख, वार.
मंगळवार होता.