दहिसर, उलट बाजूने

सॅका हिमालयासाठी घेतल्या होत्या. सहा.
साठ लिटरच्या, कमरेला पट्टा, छातीवर शिट्टी.
तिथल्या तळ्याचा फोटो वैजयंताच्या फ्रिजवर होता,
निळं, इतकं की खोटं वाटावं.
मग दरड कोसळली, रस्ता गेला,
पैसे अर्धे परत आले
आणि सॅका चढल्या माळ्यावर, पितळी घंगाळाशेजारी.

दीड वर्षाने इनासने विषय काढला.
म्हणाला, नदी आहे, वर तलाव आहे,
मधे डोंगरही आहे थोडासा. आणखी काय पाहिजे?
कुठली नदी, तोरल म्हणाली.
तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नदीवरच उघडते,
म्हणजे उघडली असती.
वीस वर्षं खिळा मारलाय.

खाडीपासून निघालो, जानेवारीत, पहाटे, ओहोटीला.
आम्ही पाच जण.
मुश्ताक दोन सॅका घेऊन आला होता.
दुसरी पुढे, पोटावर, लाल, अर्धीमुर्धी भरलेली.
कोणी विचारलं नाही.
जाळं सोडवता सोडवता एक बाई थांबली,
आमच्या पाठी बघून म्हणाली,
बिऱ्हाड हलवलंत काय?

मग गल्ल्या. नदी कधी भिंतीमागे, कधी पुलाखाली,
कधी नुसताच वास.
त्या वासाचा माग काढत चाललो.
तबेल्यापाशी शेणाचं हिरवं येऊन मिळालं,
पुढे एका शेडमधून जांभळं,
सुंदर म्हणावं असं.
मी पाइप मोजत होते. सतरा झाले.
अठराव्याशी तोरल थांबली,
वर बघून म्हणाली, हा आमचा.
बाहेरून घर ओळखलं तिने
दांडीवरच्या निळ्या टॉवेलवरून.
इनासने तिला चिक्की दिली.

हायवेखालून वाकून गेलो.
पलीकडे, बऱ्याच वेळाने, जंगल.
पाणी कमी झालं आणि दिसायला लागलं,
तळचे दगड, दगडाखालचा खेकडा.
परवानगीच्या कागदासोबत मिळालेला लाडकू वरठा
चपलांवर चालत होता, हातात एक बाटली.
वळणावर थांबून आमची वाट बघायचा,
आम्ही पोचलो की लगेच निघायचा.
त्यामुळे विश्रांती सगळी त्याच्याच वाट्याला.
काटेसावरीला पान नव्हतं, नुसती फुलं.
मुश्ताकचा गुडघा बोलत होता, तो गप्प.

धरणाच्या भिंतीपाशी नदी नव्हती.
कोरडा सांडवा, एक सरडा, वाळून पापुद्रे झालेलं शेवाळ.
मी लाडकूला विचारलं,
मग सकाळपासून वाहत होतं ते काय?
"पावसात नदी तलावाची," तो म्हणाला.
"आता तुमचीच."

वर चढलो. तुळशी तलाव होता तिथेच.
निळा नाही. हिरवट, आणि कडेला ओंडका,
लाडकूने बोट दाखवल्यावर ज्याची मगर झाली.
कागदावर वेळ चारपर्यंत, तीन चाळीस झालेले.
राहायची परवानगी नव्हतीच,
तंबू का वाहिला हे घरी विचारतील.

मुश्ताकने लाल सॅकची चेन ओढली.
नफीसाची लोकरीची टोपी काढली,
किमतीची चिठ्ठी तशीच,
आणि घातली, भर उन्हात, कानांवर नीट ओढून.
शोभते, तोरल म्हणाली.
उरलेला वेळ आम्ही पाण्याकडे पाहिलं.
वैजयंता फोटो काढायला विसरली.

परतीच्या रिक्षात तोरलने विचारलं,
जुना खिळा उपटायला काय लागतं,
पक्कड की हातोडी?
गंजला असेल, इनास म्हणाला.
आधी तेल सोड. रात्रभर राहू दे.