जागा

काका, सगळ्यात भयंकर कुठला पाहिलास,
असं विचारतोस, आणि मोबाईल पुढे करतोस.
बघितलं. रक्त छान जमलंय. दातही.
पण विचारलंस म्हणून सांगतो.

अमळनेर. वैशाख. बोरी नदी कोरडी ठाक,
तिच्या वाळूत हिलालशेठचा तंबू.
पडदा मधोमध. अलीकडे बाप्ये, पलीकडे बाया.
त्यांना सगळं उलटं दिसायचं, नावंसुद्धा,
तरी बारा आणे त्यांनाही तेवढेच.
मी तेरा वर्षांचा. रिळं उचलायची,
जनरेटरला पाणी पाजायचं,
आणि जमालभाई बिडी ओढायला बाहेर गेले की
भोकाला डोळा लावून बसायचं.

भूत होतं त्यात. केस मोकळे, वगैरे.
ते आलं की शिट्ट्यांनी तंबू फाटायचा,
शेंगांची टरफलं पडद्यावर,
कुणी ओरडायचं, "वहिनी, च्या पिशी का?"
पोरं हसून हसून वाळूत लोळायची.

पाचव्या रिळात मात्र भूत नव्हतंच.
एक माणूस. ओसरी. चिमणी.
बाजेवर बसून बोंडातला कापूस काढतोय.
मागे दार, उघडं. दारात अंधार.
संगीत नाही
(आवाज गेला म्हणून जमालभाईंनी
पहिल्या दिवशी मशीनला एक चापट ठेवून दिली होती).
बराच वेळ काहीच नाही.
मग तो मान न वळवता म्हणतो,
"आलीस?"
आणि जरासा सरकून
जागा करतो.

बस. पुढे एकदम सकाळ, कोंबडा, गाव.

पहिल्या रात्री वाटलं मशीन हललं.
दुसऱ्या रात्री नीट पाहिलं.
तंबाखू मळणारा, मांडीवर पोर झोपलेला,
तिकीट चुकवून शिरलेला भेळवाला,
एकेक जण बसल्याजागी
तसूभर सरकला.
पडद्यापलीकडे बायाही, त्याच अंगाला, स्टेशनकडे.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.
वाळूत मध्ये मध्ये मोकळं पडलं,
माणूसभर,
आणि शो सुटेपर्यंत तिथे
कुणी पाय पसरला नाही.

सकाळी वाळू सारखी करायचं काम माझंच.
बसलेल्यांचे खळगे मोजायचो.
तिकिटांपेक्षा नेहमी जास्त.
शेठ म्हणायचे, कनातीखालून फुकटे शिरतात, लक्ष ठेव.
मी लक्ष ठेवलं.
कुणी शिरत नव्हतं.

गिरणीच्या चाळीतली केसरमावशी रोज यायची.
तिकिटं दोन काढायची, फाडायला एकच द्यायची.
पाचवं रीळ संपलं की उठून चालायला लागायची.
एकदा म्हटलं, मावशी, भूत तर आते येई ना!
लुगड्याची वाळू झटकत म्हणाली,
"भूतनं काय रे भो, ते कोनंबी ऱ्हास.
आपलं थोडंच ऱ्हास?"

तेव्हा हसलो होतो मी.

तुझ्या या सिनेमात
दर दोन मिनिटांनी कुणी तरी भॉक करतं.
दचकलास की सुटलास.
घाम पुसायचा, शेव खायची, पुढचा लावायचा.
त्या माणसाने आम्हाला दचकवलंच नाही.
त्यामुळे सुटायचं कसं, ते कळलं नाही.

उन्हाळ्यात मी अजून धाब्यावर अंथरूण टाकतो.
गच्च उकाडा. दोनच्या सुमाराला सुरतेची गाडी जाते,
तिचा आवाज पार नदीपर्यंत ऐकू येतो.
तुझ्या काकूला जाऊन चार वर्षं झाली.
गादी मोठी आहे.
हातपाय ताणून मधोमध पडता येईल.
पडतो कडेला.
रात्रभर जागा.

भीती वाटते का, म्हणतोस.
वाटते.
कुणी येईल, याची नाही.

जा, लाव चार्जिंगला. तुझी बॅटरी संपत आलीय.