हरवलं-सापडलं

डबा आठ महिने ओरडत होता.
दर दोन मिनिटांनी एक टीं,
जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या शेजारी.
मी मागचं बटण दाबून त्याला गप्प केलं.
कोंबडं झाकलं.

आत दोन डिस्क, जुळ्या.
एकीने लिहिलं की दुसरी तेच गिरवायची.
एक गेली तरी एक राहील,
हे घरात सगळ्यांना मीच समजावलं होतं
दोन हातांत दोन पोळ्या धरून.
एक गेली, ते टीं तेच सांगत होतं.
दुसरी मंगळवारी,
लाइट गेली, आली, गेली, आली,
त्या झटापटीत.

द्वारका सर्कलला झेरॉक्सच्या वर
मुनीर तांबोळींचं दुकान.
बावीस वर्षं सातपूरला बेअरिंग तपासायचे,
स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मशीनला, एक कानाला.
त्यांनी डिस्क कानाशी धरली
कलिंगड निवडणाऱ्याच्या चेहऱ्याने.
"मोटार फिरतेय. हेडला जागा सापडत नाहीये."
मग, माझ्याकडे न बघता,
"घरी पुन्हा पुन्हा चालू करून बघितलंत?"
मी म्हटलं, नाही.
"सगळे नाहीच म्हणतात."
सात वेळा केली होती.

पहिल्या फेरीत जे सहज येतं ते घ्यायचं,
अडेल तिथे अडून बसायचं नाही.
मग शेवटाकडून सुरुवातीकडे, उलट.
मग फक्त अडलेल्या जागा,
एकेक, पुन्हा, थांबून, पुन्हा.
वर टेबल फॅन. नऊ दिवस लागतील म्हणाले.

पाचव्या दिवशी वाशीमहून मामा आले.
त्यांच्या पिशवीत मामी होत्या.
रामकुंडावरचं आटोपल्यावर
पंचवटीतल्या एका बोळात उपाध्यांच्या घरी,
त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं
आणि फडक्यात बांधलेली वही
चार मिनिटांत आणली.
धोंडो. धोंडोचा गोपाळ. गोपाळचे तिघे, एक लहानपणीच गेला.
शाई तांबूस झालेली, पण नाव जागच्या जागी.
मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.
आणि मग पान उलटताना लक्षात आलं,
यात बायका कुठेत?
"मामींचं लिहिणार ना?"
"लिहितो की. आता लिहितात," उपाध्ये म्हणाले,
आणि पेनचं टोपण दातांनी काढलं.

दहाव्या दिवशी मुनीरभाईंचा फोन.
"आलंय बरंच. पण नावं गेली."
एकाच फोल्डरमध्ये, हरवलं-सापडलंमध्ये,
एकेचाळीस हजार फायली,
प्रत्येकीला नुसता आकडा.
माझी 'सहल', 'मुंज', 'जीएसटी', 'नंतर बघू',
चौदा वर्षांची कपाटं मोडून
सगळे कपडे जमिनीवर.
उपाध्यांकडे नावं होती, चेहरे नव्हते.
माझ्याकडे चेहरेच चेहरे,
आणि वीज मंडळाला लिहिलेली तीन पत्रं.

आता रोज रात्री जेवणं झाल्यावर
सासूबाई आणि मी इंदिरानगरच्या हॉलमध्ये बसतो.
मी उघडते, त्या सांगतात.
ही कुसुमची जाऊ.
हा कोण ते माहीत नाही, पण शर्ट आपला आहे.
हे नको, पुढे.
काही फोटो अर्धेच आलेत,
वर माणूस आणि खाली सपाट राखाडी,
जिथे डिस्कने हात वर केले.
काल असाच एक निघाला.
गच्चीवर एक उंच बाई, कमरेपर्यंत.
खाली काही नाही.
मी पुढे जाणार, त्यांनी माझा हात धरला.
"थांब. ही मीच.
यांच्या चपला घालून विटेवर उभी होते,
फोटोत यांच्या बरोबरीने दिसावं म्हणून.
हे मात्र बाजूला आलेच नाहीत,
टाकीत पाणी किती ते बघत बसले."
बराच वेळ त्या त्या राखाडीकडे बघून हसत होत्या,
मला तिथे काहीच दिसत नव्हतं.

"नाव काय देऊ?" मी विचारलं.
मला वाटलं, इंदुमती म्हणतील.
"चपला लिही," म्हणाल्या.
लिहिलं.